कात्री, कुंचला आणि चौकट: तिन्ही हाताळणाऱ्या कलाविद्यार्थ्यांसाठी

कलामहाविद्यालयात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या वाचकांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत असतो. कोलाज करायला आवडतं, पेंटिंग सोडवत नाही आणि वहीच्या मागच्या पानांवर कॉमिक्सही चालू असतात. ज्युरीत मात्र ‘काहीतरी एक धरा’ असं ऐकावं लागतं. मग धरायचं काय? याला जोडून बाकीचे प्रश्न येतात: फेव्हिकॉल लावला की कागद का फुगतो, मासिकातला फोटो कापून वापरला तर चालतं का, स्पर्धेच्या फॉर्मवर सही केली की चित्र कुणाचं.

एक धरायची घाई करू नका, असंच आम्ही सांगू. फक्त तिन्ही एकाच पानावर आणायची असतील तर प्रत्येकाला काम नेमून द्या. चित्राखाली ‘मिक्स मीडिया’ लिहिलं की प्रश्न सुटला असं अनेकांना वाटतं. ज्युरीतली खडाजंगी नेमकी तिथेच सुरू होते.

कोणतं माध्यम कशासाठी?

१९१२ मध्ये पिकासोने खुर्चीच्या वेताची वीण छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. ती वीण त्याला रंगवता आली नसती असं थोडंच आहे! बाजारात तयार मिळणारी वस्तू जशीच्या तशी चित्रात आणायची होती. कोलाजचं मुख्य काम तेव्हापासून हेच आहे: बाहेरच्या जगातला तुकडा साक्षीला आणणं.

दुसरी वाट मातिसची. त्याने आधी कागद गुआशने सपाट रंगवून घेतले आणि मग ते कात्रीने कापले. १९४७ चं ‘जाझ’ हे पुस्तक त्यातूनच आलं. तिथे कागद बाहेरून आणलेला नाही, कात्रीच रेखाटते आहे. शांतिनिकेतनचे बिनोद बिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५०च्या दशकात पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चित्रं केली. कागदाची कड बोटांना कळते, रंगाची कळत नाही. माध्यम निवडण्याचं इतकं रोखठोक कारण क्वचितच सापडेल.

तुमच्यापुरता निर्णय असा घ्या:

- कोलाज तेव्हा, जेव्हा तो कागदच पुरावा असतो: लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, रेशनकार्डाची झेरॉक्स, दुकानाची पावती.
- रंग तेव्हा, जेव्हा उजेड, हवा, अंगाचं वजन सांगायचं असतं, किंवा विस्कळीत तुकड्यांना एका हवामानात आणायचं असतं.
- कॉमिक्स तेव्हा, जेव्हा ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांत अर्थ असतो; कुणी बोलतं, थांबतं, बोलायचं टाळतं.

समजा, विषय आहे आजोळहून परतीचा एसटी प्रवास. एका पानावर चार चौकटी. पहिल्या चौकटीत खरं तिकीट चिकटवलं. चौथ्यात तेच तिकीट, पण रंगवलेलं, मुठीत चुरगळलेलं. चौकटी आखण्याआधीच पूर्ण पानावर डावीकडून उजवीकडे पिवळ्याकडून निळ्याकडे जाणारा एकच वॉश दिला, म्हणजे दुपार ते रात्र हा प्रवास रंगच सांगतो. घाट ओलांडला ते दाखवलेलंच नाही. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीत गेला. इथे तिन्ही माध्यमं कामाला आहेत आणि एकही दुसऱ्याचं काम करत नाही.

आता पडताळा. चिकटवलेल्या तुकड्यावर हात ठेवून पान बघा. काहीच बिघडलं नाही असं वाटलं, तर तो तुकडा सजावट आहे. काढून टाका, किंवा निदान सजावट म्हणून ठेवतोय हे स्वतःशी कबूल करा.

सुरुवात एका ए-३ कागदाने

मोठा कॅनव्हास घेऊन प्रयोगाला बसू नका. महाग सामान समोर असलं की हात आखडतो. त्यापेक्षा आठ पानांची पुस्तिका करा:

१. ए-३ कागद लांबीत अर्धा दुमडा, उघडा. मग रुंदीत अर्धा, पुन्हा अर्धा. उघडल्यावर आठ सारखे आयत दिसतील, प्रत्येक ए-६ मापाचा.
२. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन रकान्यांपुरता छेद द्या. कडांपर्यंत कापू नका.
३. लांबीच्या घडीवर दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. छेद उघडतो आणि कागदाची पुस्तिका होते.
४. पानांवर पेन्सिलीने आकडे टाकून कागद परत उलगडा. निम्मी पानं उलटी आलेली दिसतील. हे आधीच कळलेलं बरं.
५. विषय एकच ठेवा. पहिली दोन पानं फक्त कोलाज, पुढची दोन फक्त रंग, त्यापुढची दोन फक्त रेषा आणि चौकटी. शेवटच्या दोन पानांवर, आतापर्यंत जे जमलं तेवढंच एकत्र आणा.

मूळ कागद सपाट ठेवून त्याच्या ए-३ झेरॉक्स काढा आणि मित्रांत वाटा. काळ्या-पांढऱ्या प्रतीत काय टिकतं आणि काय चिखल होतं, हे बघितल्यावर रंगांच्या उजळ-गडदपणाबद्दल वर्गातल्या व्याख्यानापेक्षा जास्त कळतं.

कागद आणि चिकट

निम्म्या तक्रारी इथल्याच असतात, म्हणून जरा सविस्तर.

कागद ओला झाला की तंतू फुगतात आणि तो पसरतो. वाळला की आखडतो. खालचा कागद आणि वरचा तुकडा वेगवेगळ्या प्रमाणात पसरले की फुगे, सुरकुत्या आणि वाकलेला बोर्ड हे ठरलेलंच. दोष फेव्हिकॉलचा कमी, पाण्याचा जास्त. करायचं ते एवढंच:

- खालचा पाया जाड घ्या: ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद, माउंट बोर्ड किंवा प्लाय. साध्या ड्रॉइंग पेपरवर थरांवर थर चढत नाहीत.
- तुकड्याच्या पाठीवर मधून बाहेर असा पातळ, सारखा थर द्या. लगेच चिकटवू नका. मिनिटभर थांबा, कागदाला पसरायचं तेवढं पसरू द्या.
- ठेवल्यावर वर बटर पेपर टाका आणि प्लॅस्टिकच्या पट्टीच्या कडेने मधून बाहेर हवा काढा. बोटांनी दाबत बसलात तर छपाईची शाई बोटांवर येईल.
- बटर पेपरसकट प्लायखाली, वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. पंख्याखाली वाळवलेलं कोलाज वाकतंच.
- बोर्ड तरीही वाकत असेल तर त्याच्या पाठीवरही तेवढ्याच वजनाचा कागद चिकटवा. दोन्ही बाजूंनी सारखा ताण आला की बोर्ड सरळ राहतो.

चिकट कोणता वापरायचा?

- पांढरा सिंथेटिक गोंद सरावासाठी उत्तम. थोडं पाणी घालून वापरा, पण पाणी वाढलं की सुरकुत्याही वाढल्या. टिकाऊ कामासाठी त्यातलाच आम्लमुक्त प्रकार मागून घ्या.
- अ‍ॅक्रिलिक मीडियम महाग, पण चिकट आणि वरचा संरक्षक थर अशी दोन्ही कामं करतं आणि त्यावर रंगही बसतो. अंतिम कामासाठी आमची पसंती याला.
- खळ म्हणजे मैद्याची किंवा स्टार्चची. स्वस्त, आणि ओली करून तुकडा परत सोडवता येतो. मात्र पावसाळ्यात बुरशी आणि कसर धरते. बुकबाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊच नका.
- ग्लू स्टिक मांडणी ठरवण्यापुरती. कडा सुटतात.
- रबर सोल्यूशन आणि सेलोटेप टाळा. दोन्ही काही वर्षांनी पिवळ्या-तपकिरी डागांसकट निसटतात.

आता वरच्या कागदाकडे. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे तो उन्हाने आणि हवेने पिवळा पडून कडक होतो. वरून मीडियमचा थर दिला तर हे लांबतं, टळत नाही. शिवाय ओला झाला की मागच्या पानाचा मजकूर आरपार दिसतो. पिवळं पडणं तुम्हाला हवंच असेल तर प्रश्न नाही. नको असेल तर चांगल्या कागदावर लेसर झेरॉक्स काढून ती कापा. इंकजेट प्रिंट ओल्या गोंदाने पसरते, लेसरचा टोनर पसरत नाही. दुकानात विचारूनच प्रिंट काढा.

वरच्या उदाहरणातल्या एसटीच्या तिकिटाला इथे एक पाचर आहे. वाहकाच्या मशीनमधून येणारं तिकीट, एटीएमची पावती, मॉलचं बिल ही सगळी उष्णतेने छापलेल्या थर्मल कागदावर असतात. ती काही महिन्यांत कोरी होत जातात आणि इस्त्री फिरवलीत तर काळी पडतात. आणल्या दिवशीच स्कॅन करा आणि चित्रात त्यांची लेसर प्रत लावा. चोखंदळांना मूळ तिकीटच हवं असेल तर प्रत पुढे आणि मूळ तिकीट चित्राच्या पाठीवर पाकिटात.

गुळगुळीत मासिकाच्या कागदावर रंग धरत नसेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून घ्या. पोतासाठी हातकागद वापरून बघा. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी तऱ्हा हाताने चाचपून निवडता येतात. आणि मातिसची युक्ती विसरू नका: उरलेल्या रंगांनी कागद रंगवून ठेवत जा. आठवड्याभरात स्वतःचा रद्दीचा गठ्ठा तयार होतो, त्यात दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्नच नाही.

रंग कधी द्यायचा?

क्रम चुकला की काम वाया जातं. थोडक्यात:

- जलरंग कोलाजच्या आधी. गोंदाचा डाग पडलेल्या जागी जलरंग बसत नाही.
- पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने पुन्हा विरघळतो. त्यावर ओला गोंद फिरवलात तर रंग ओढला जाईल. आधी चिकटवा, मग रंगवा, किंवा अ‍ॅक्रिलिक वापरा.
- अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक सोलपटतो.
- तैलरंग उघड्या कागदावर नको. तेल कागदाचे तंतू खातं. आधी अ‍ॅक्रिलिक मीडियम किंवा जेसोचा थर द्या.
- कॉमिक्सची शाई पाण्याला टिकणारी आहे का, हे कोपऱ्यात रेघ मारून, वाळवून, ओला ब्रश फिरवून तपासा. पाकिटावरच्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

कॉमिक्सचं पान

चित्रकलेच्या विद्यार्थ्याची हमखास अडचण अशी, की प्रत्येक चौकट तो स्वतंत्र पेंटिंगसारखी सजवतो. वाचक मग पहिल्याच चौकटीत अडकतो. एका पानावर एकच चौकट ‘जड’ ठेवा, बाकीच्यांना तिच्याकडे जाऊ द्या.

रफ थंबनेल काडेपेटीएवढे काढा. त्या आकारात तपशील मावतच नाहीत, त्यामुळे नुसती मांडणी दिसते. शब्दांशिवाय गोष्ट कळते का, हे तिथेच बघा. शि. द. फडणीस यांची ‘मोहिनी’ मासिकाची मुखपृष्ठं मिळवून पाहा, शब्द नसतानाही विनोद पोचतो, कारण कुणी कुठे बघायचं हे चित्राने आधीच ठरवलेलं असतं. रोजच्या सरावाला मात्र चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’सारखी तीन-चार चौकटींची पट्टी बरी. १९९१ पासून ती वर्तमानपत्रात येत गेली ती याच आटोपशीर मापामुळे झेपली असणार.

चौकट चौकोनीच हवी असं कुणी सांगितलं? डॉ. आंबेडकरांवरचं ‘भीमायन’ (२०११) हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलं. त्यांनी पात्रांना चौकोनात कोंडलं नाही. भिंतीवर आणि अंगणात काढल्या जाणाऱ्या दिगण्याच्या नक्षीने पानं विभागली. मवाळ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. पाणी नाकारणाऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द त्या नांगीसकट येतो तेव्हा वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या घरच्या-गावच्या आकारांतून फुगा कसा निघेल, हा विचार करण्यासारखा आहे. ती नक्षी मात्र तशीच उचलू नका. कोलाज आणि कॉमिक्स एकत्र बघायचं असेल तर अमृता पाटील यांचं ‘कारी’ (२००८) आणि छायाचित्र-रेखाटन यांच्या मिश्रणासाठी सारनाथ बॅनर्जी यांचं ‘कॉरिडॉर’ (२००४) चाळा.

मराठी अक्षरांबाबत काही खास सूचना, कारण इंग्रजी पुस्तकांत या सापडणार नाहीत:

- देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. फुगा आधी काढून मजकूर कोंबू नका. आधी लिहा, मग भोवती फुगा काढा.
- कोलाजच्या पोतावर थेट अक्षरं लिहिलीत तर वाचता येत नाहीत. अक्षरांखाली सपाट जागा ठेवा.
- आवाज मराठीत काढा. भांडं पडलं की ‘खण्ण’ होतं, दार ‘धाड्’कन लागतं.
- हस्ताक्षर बरं असेल तर तेच वापरा. फॉन्ट हवा असेल तर मुक्त परवान्याचा घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे युनिकोड फॉन्ट व्यावसायिक कामालाही विनामूल्य चालतात.
- छापखान्यात फाइल देताना अक्षरांचे ‘कर्व्ह्ज’ करून द्या. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, आणि हे प्रती हातात आल्यावरच कळतं.

स्कॅन आणि छपाई

रंगीत काम ३०० डीपीआय, नुसती काळी रेषा ६०० डीपीआय, आणि तेही छपाईच्या मापाला. जाड कोलाज स्कॅनरवर धूसर येतं, कडांना सावल्या पडतात. त्याचा फोटो काढा, दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत ठेवून. पानाबाहेर ३ मिमी ब्लीड सोडा आणि मजकूर कडेपासून आत घ्या. मधोमध पिन मारायची पुस्तिका असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. थोड्या प्रतींना डिजिटल छपाई परवडते, शेकड्यांनी काढायच्या तर ऑफसेट. स्क्रीनवरचा झगमगीत हिरवा-गुलाबी कागदावर उतरत नाही. एक प्रत छापून बघितल्याशिवाय बाकीच्यांना हो म्हणू नका.

ज्युरीला काय दाखवाल?

तीन माध्यमांचे तीन गठ्ठे नेऊ नका. एक विषय घ्या आणि त्याच्यामागचा प्रवास दाखवा: आठ पानी पुस्तिका, दोन फसलेले प्रयत्न, एक पूर्ण पान. ‘एक धरा’ म्हणणाऱ्या शिक्षकांना बहुतेकदा विषयाची पकड हवी असते. कामाच्या मागे माध्यमांची यादी लिहा: कोणता कागद, कोणता चिकट, कोणता रंग. आणि सबमिशनआधी प्रत्येक कामाचा चांगला फोटो काढून ठेवा. उत्तम कामं विभागात ठेवून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ठेवली तर पोच मागा. विद्यार्थी हा नोकर नसतो, त्यामुळे वस्तू कॉलेजात राहिली तरी कॉपीराइट तुमचाच राहतो, तसा लेखी करार करून दिला नसेल तर.

दुसऱ्याचं चित्र कापलंत तर

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ नुसार शिक्षणाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल उल्लंघन ठरत नाही. म्हणजे वर्गातल्या असाइनमेंटसाठी मासिकं बिनधास्त कापा. तेच काम प्रदर्शनात विक्रीला ठेवलं, पुस्तिकेत छापलं किंवा टी-शर्टवर आणलं की ही सवलत संपली. ‘श्रेय दिलं की चालतं’, ‘तीस टक्के बदललं की चालतं’ या दोन्ही ऐकीव गोष्टी आहेत. कायद्यात असा टक्का कुठेही नाही.

मग सुरक्षित काय?

- स्वतः काढलेले फोटो, स्वतः रंगवलेले कागद, घरातली पत्रं आणि कागदपत्रं (घरच्यांना विचारून).
- मुदत संपलेली कामं. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये आणि म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले. दोघांचीही चित्रं आता मोकळी आहेत. १९६४ पर्यंत निधन झालेल्या चित्रकारांना हाच हिशेब लावा. बिनोद बिहारी १९८० मध्ये गेले, त्यांची अजून नाहीत.
- सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पांचं तुम्ही स्वतः काढलेलं रेखाटन किंवा फोटो.

रद्दीत मिळणारी सगळी देवदेवतांची कॅलेंडरं रविवर्म्यांची नसतात. छपाईचं साल आणि चित्रकाराचं नाव खालच्या पट्टीवर शोधा. नाव-साल नसेल तर विक्रीच्या कामात ते वापरू नका.

कॉपीराइटबाहेरच्याही काही जागा सांभाळा. जुन्या, विशेषतः परदेशी अ‍ॅटलासमधला भारताचा नकाशा छापताना सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नसतील तर तो दंडनीय ठरू शकतो. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद छापणंही. ओळखू येणाऱ्या खासगी माणसाचा चेहरा वापरायचा तर परवानगी घ्या. फोटोग्राफरचा हक्क आणि त्या माणसाचं खासगीपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धार्मिक प्रतिमांबाबत आम्ही ‘करू नका’ म्हणणार नाही, पण का करताय याचं उत्तर तुमच्याजवळ तयार हवं आणि कॉलेजच्या प्रदर्शनात लावण्याआधी शिक्षकांना ते माहीत हवं.

तुमचं काम दुसऱ्याने घेतलं तर

चित्र काढलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. चित्र विकलं म्हणजे वस्तू विकली, छापण्याचा हक्क विकला जात नाही. घेणाऱ्याने त्याची दिनदर्शिका काढायची म्हटलं तर त्याला तुमच्याकडे यावं लागेल. हक्क द्यायचाच असेल तर:

- तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि किती मोबदला, हे त्यात लिहा.
- काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.
- हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो परत तुमच्याकडे येतो.

एक खड्डा मात्र चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना माहीत नसतो. पैसे देऊन कुणी तुमच्याकडून खास पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं आणि काहीच लिहून ठेवलं नाही, तर कलम १७ नुसार कॉपीराइटचा पहिला मालक तो करून घेणारा ठरतो. म्हणून ऑर्डर घेताना निदान एक ईमेल पाठवा आणि त्याला ‘मान्य’ असं उत्तर येऊ द्या. दिवाळी अंकासाठी काम करत असाल तर मजकूर असा चालेल: ‘या चित्राचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. यंदाच्या अंकात एकदा छापण्याची परवानगी मी देत आहे. इतरत्र वापरायचं असल्यास स्वतंत्र मोबदला ठरेल. मूळ चित्र परत मिळावं.’ अंकांची आखणी उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा नमुने मे-जूनमध्ये पाठवा. गणपतीनंतर संपादकाला तुमचा फोनही नको असतो.

स्पर्धांच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं असेल तर ते वाक्य खोडून ‘स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरते’ असं करता येईल का, हे विचारा. बरेच आयोजक ऐकतात. न ऐकणाऱ्यांकडे बक्षिसाची रक्कम बघून निर्णय घ्या.

हक्क विकला तरी कलम ५७ चे दोन हक्क तुमच्याकडे राहतात: आपलं नाव लागणं, आणि कामाची प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड थांबवणं. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्यूरल १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेलं म्यूरल त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्यूरल सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. हेच कलम तुमच्या कात्रीलाही लागू आहे, हे दुसऱ्या कलाकाराचं काम कापताना ध्यानात ठेवा.

मूळ पेंटिंग किंवा रेखाचित्र पुढे दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीत वाटा मागण्याचा हक्क कलम ५३-अ देतं. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के. त्यासाठी पहिल्या विक्रीची पावती जपून ठेवलेली हवी, आणि त्या कामाचे पहिले हक्कदार तुम्हीच असायला हवेत.

नोंदणी करायची झाली तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. कलाकृतीला शुल्क ५०० रुपये. तीच वस्तूंवर वापरण्याजोगी असेल, म्हणजे लेबल, पाकीट वगैरे, तर २००० रुपये. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रमाणपत्र कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने चित्र पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याचा उपाय सांगणारे भेटतात. त्याला नोंदणीचा दर्जा नाही. त्यापेक्षा रफ थंबनेल, अर्धवट टप्प्यांचे फोटो आणि मूळ फाइल तारखेनिशी ठेवा, आणि रकमा मोठ्या असतील तर सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवा.